पिवळे कार्ड आणि उन्हाळ्याचा हंगाम

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. काठीची राजवाडी होळी पाहायला आलेली गर्दी ओसरली होती आणि दवाखान्यात नेहमीचे खोकले, ताप व गुडघेदुखी परतली होती. जवळच्या पाड्यावरच्या एक आजी गुडघे दाखवायला आल्या. वय सत्तरीच्या आसपास. तपासणी झाली, औषध दिले, तरी त्या उठेनात. बाहेरचा रुग्ण आत डोकावून गेला तेव्हा त्यांनी लुगड्याच्या गाठीतून चार घड्या घातलेले एक पिवळे कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, हे पोराच्या कामाचं आहे की जाळून टाकू?”

कार्ड त्यांच्या नातवाचे होते. आश्रमशाळेत नववीत असताना झालेल्या तपासणीत तो सिकलसेलचा वाहक असल्याचे आढळले होते. आईवडील मजुरीसाठी गुजरातेत, त्यामुळे कार्ड आजींच्या हाती आले आणि त्यांनी ते पाच वर्षे धान्याच्या कणगीमागे लपवून ठेवले. मुलालाही नीट काही सांगितले नाही. आता तो महाविद्यालयात शिकतो, खो-खो उत्तम खेळतो आणि मे महिन्यात जिल्ह्याबाहेर होणाऱ्या उन्हाळी शिबिरासाठी त्याची निवड झाली आहे. तेथे चमक दाखवली तर पुढे मोठ्या लीगच्या संघात जाण्याची आशा आहे.

कार्ड हातात घेताना मला संकोच वाटला, याचे कारण वाचकांपासून लपवत नाही. याच मुलाला मी आठवड्यापूर्वी शिबिरासाठी तंदुरुस्तीचा दाखला दिला होता. नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, छाती तपासली आणि सही केली. सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. सातपुड्यात इतकी वर्षे काढलेल्या डॉक्टराने तो विसरावा, हे मला शोभणारे नव्हते.

खो-खोचे दिवस आता पालटले आहेत, हेही लक्षात घ्यायला हवे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या बालेवाडीत ‘अल्टिमेट खो-खो’ लीगचा पहिला हंगाम झाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. डोंगरातल्या मुलांना हा मार्ग दिसू लागला आहे. म्हणूनच आजींना दोन्हीकडून भीती होती. कार्ड दाखवावे तर पोराला संघातून काढतील. न दाखवावे तर पोर हातचे जाईल.

दुसऱ्या भीतीला कारण होते. आजींची थोरली मुलगी अकराव्या वर्षी गेली. सतत फिकट, डोळे पिवळे, थंडी पडली की हातपाय दुखून रात्र रात्र रडणारी. तिची तपासणी कधीच झाली नाही. परंतु वर्णन ऐकताच कोणत्याही डॉक्टराच्या मनात सिकलसेल आजाराचाच विचार यावा. नातवाच्या कार्डावरही तेच नाव पाहून आजींनी दोन्ही गोष्टी एक मानल्या. येथेच उलगडा होणे आवश्यक आहे.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. ते तयार करण्याची सूचना प्रत्येकाला आईकडून एक व वडिलांकडून एक अशी मिळते. दोन्ही सूचना सदोष असतील तर मूल सिकलसेलचा रुग्ण होते. त्याच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वेदना, पंडुरोग, जंतुसंसर्ग मागे लागतात. अशा रुग्णांना शासकीय कार्यक्रमात लाल कार्ड मिळते आणि नियमित उपचार लागतात. डॉक्टरांनी सुरू केलेल्या हायड्रॉक्सियुरिया व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या बरे वाटते म्हणून बंद करू नयेत. एकच सूचना सदोष असेल तर ती व्यक्ती वाहक असते. तिला पिवळे कार्ड मिळते. वाहक हा रुग्ण नव्हे. त्याला रोजचे औषध लागत नाही आणि बहुतेक वाहक पूर्ण आयुष्य काहीही त्रास न होता जगतात. इतकेच नव्हे, तर वाहकाला बालपणी गंभीर हिवतापापासून काही संरक्षणही मिळते. हिवतापाच्या प्रदेशांत हा दोष टिकून राहिला तो त्यामुळेच.

मी आजींना म्हणालो, “आजी, तुमची लेक खरोखरच या आजाराने गेली असेल, तर तिला एक दोष तिच्या वडिलांकडून आणि एक तुमच्याकडून मिळालेला असणार. तुमचंही रक्त तपासू या.” त्या घाबरल्या, पण तयार झाल्या. झटपट केलेली सोल्युबिलिटी चाचणी होकारार्थी आली. ही चाचणी दोष आहे एवढेच सांगते. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीतून कळते. नमुना नंदुरबारला पाठवला. काही दिवसांनी अहवाल आला. आजी वाहक होत्या.

मी त्यांना अहवाल समजावला तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. पन्नास वर्षे डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन घाट चढलेली, पाच बाळंतपणे झालेली ती बाई. अखेरीस त्यांनी विचारले, “म्हणजे माझ्याही रक्तात तेच आहे? मग मी इतकी वर्षं कशी जगले?” या प्रश्नातच त्यांचे उत्तर होते. जे कार्ड त्या नातवाच्या मृत्यूची चिठ्ठी समजत होत्या, ते त्यांच्या स्वतःच्या सत्तर वर्षांच्या आयुष्याचेही कार्ड होते.

मग प्रश्न उरतो तो असा की, वाहकाला काही होत नाही तर खेळाडूने काळजी कशाची घ्यायची? होळीच्या रात्री आपल्याकडे मोरपिसांचा टोप घालून, कमरेला भोपळे बांधून माणसे रात्रभर नाचतात. आजींचे यजमानही वर्षानुवर्षे नाचले. लेकीच्या आजाराचा अंदाज खरा असेल तर तेही वाहकच असणार. त्यांना काही झाले नाही, कारण नाच आपल्या लयीत असतो. दम लागला की माणूस बाजूला होतो, पाणी पितो, पुन्हा रिंगणात येतो. धोका कष्टाचा नाही. धोका आहे तो विश्रांती न घेता, शिट्टीच्या तालावर, पूर्ण वेगाने वारंवार धावण्याचा. विशेषतः कडक उन्हात, शरीरात पाणी कमी असताना आणि सराव तुटलेला असताना. अशा वेळी रक्तातील प्राणवायू घटतो, आम्ल वाढते आणि वाहकाच्याही काही पेशी वाकू लागतात. स्नायूंना रक्त पोहोचत नाही, स्नायू विरघळू लागतात आणि त्यातून बाहेर पडलेली द्रव्ये मूत्रपिंड व हृदय यांना घातक ठरतात. हे क्वचितच घडते, पण घडते तेव्हा वेळ फार थोडा असतो.

अमेरिकेने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. २००६ च्या सप्टेंबरमध्ये राइस विद्यापीठाचा डेल लॉइड हा १९ वर्षांचा फुटबॉलपटू सरावातील लागोपाठच्या धावांनंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. तो वाहक होता, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यानंतर २०१० मध्ये तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने सर्वोच्च श्रेणीतील खेळाडूंसाठी सिकलसेल तपासणीचा नियम केला. तपासणी नको असेल तर सुरुवातीला तसे लेखी द्यावे लागत असे. तेथील महाविद्यालयांचे निवडक बेसबॉलपटू जून ते ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर केप कॉडच्या नामांकित उन्हाळी लीगमध्ये खेळायला जातात आणि हंगामभर गावातील कुटुंबांच्या घरी राहतात. अशा लीगमध्ये येणाऱ्या कित्येक मुलांची तपासणी महाविद्यालयातच होऊन गेलेली असते. आपल्याकडे ती खबरदारी अनेकदा घरच्यांवर येते, आणि आईवडील मजुरीला दूर असतील तर ती आजी-आजोबांवर येते.

हा नियम वाहकांना खेळातून बाद करण्यासाठी नाही, हे ठळकपणे सांगितले पाहिजे. २०१६ मध्ये अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे पाणी, विश्रांती आणि उष्णता यांबाबत सर्वांसाठीच काटेकोर नियम आहेत. या अभ्यासात वाहकांचा मृत्युदर इतरांपेक्षा अधिक आढळला नाही. मात्र अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका सुमारे दीडपट होता. याचा अर्थ वाहकाने खेळावे, परंतु जाणून खेळावे.

नातवाला मी पुन्हा बोलावले आणि दाखला नव्याने लिहून दिला. त्याला व आजींना जे सांगितले, ते येथेही देतो. पहिले आठ-पंधरा दिवस सराव हळूहळू वाढवावा. पहिल्याच दिवशी घड्याळ लावून धावा काढू नयेत. डोंगरातून खानदेशच्या मैदानात जाणाऱ्या मुलाला मे महिन्यातील चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाची सवय होण्यास तेवढे दिवस लागतातच. दोन धावांच्या मध्ये श्वास पूर्ववत होऊ द्यावा. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. ताप, जुलाब, उलटी असेल किंवा रात्रभर जागरण झाले असेल, त्या दिवशी मैदानावर उतरू नये. उत्तेजक पेये टाळावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रशिक्षकांना स्पष्ट सांगावे. लपवलेले कार्ड मैदानावर कोणाच्याही उपयोगाचे नाही.

धोक्याची खूण ओळखणेही कठीण नाही. साध्या गोळ्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि खेळाडू वेदनेने ओरडतो. वाहकाच्या या त्रासात पायांतील बळच निघून जाते, स्नायू हाताला मऊ लागतात, धाप थांबत नाही. मुलगा बोलत असतो, पण उभा राहू शकत नाही. सरावाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांतच हे घडू शकते. अशा वेळी “ऊठ, आळस करू नकोस” हे शब्द जीवघेणे ठरू शकतात. खेळ तत्काळ थांबवावा, सावलीत झोपवून अंग थंड करावे, प्राणवायू असल्यास द्यावा, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालयात पहिल्याच वाक्यात सांगावे, “हा सिकलसेल वाहक आहे.” सरावानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तरीही त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वेदनाशामक गोळी घेऊन झोपून जाऊ नये. काही वेदनाशामके अशा वेळी मूत्रपिंडाला अधिक इजा करतात.

ज्येष्ठ वाचकांसाठी आणखी दोन शब्द. वाहक असलेल्या वृद्धाच्या लघवीत कधी रक्त दिसू शकते. पण ते “कार्डामुळे असेल” असे ठरवून मोकळे होऊ नये, त्याची पूर्ण तपासणी करावी. तसेच प्रत्येक सांधेदुखी या दोषाच्या माथी मारू नये. आजींचे गुडघे वयाने झिजलेले आहेत. आणि घरात लग्नाचे ठरत असेल तर दोन्हीकडची कार्डे आधी पाहावीत. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता शंभरात पंचवीस असते. अशा जोडप्याने गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

१ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी हा तिचा पाया आहे. मात्र घरातील जुन्या आजारपणांची आठवण कोणत्याही यंत्रात सापडत नाही. कोणते मूल कशाने गेले, कोणाचे हातपाय थंडीत दुखत, हे फक्त घरातील वडीलधाऱ्यांना माहीत असते. ते दुःख म्हणून मनात ठेवण्याऐवजी माहिती म्हणून डॉक्टरांना सांगा.

जाताना आजींनी नातवाचे कार्ड परत मागितले. मी म्हणालो, “आता ते त्याच्याजवळ राहू द्या.” त्यांनी घड्या उलगडून ते हाताने सपाट केले आणि नातवाला दिले. मग स्वतःच्या नव्या कार्डाकडे पाहत म्हणाल्या, “हे मात्र मी ठेवते. गुडघ्याच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या?”