सातासमुद्रापारची हमी

वस्तूबरोबर मिळणारी हमी हा उत्पादकाने ग्राहकावर केलेला उपकार नव्हे. तिचे मोल किमतीतच वसूल झालेले असते. संगणकाच्या सुट्या भागांच्या व्यापारात मात्र या साध्या सत्याचा सोयीस्कर विसर पडतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर जे ग्राफिक्स कार्ड वा जी हार्ड डिस्क मिळत नाही, ती आज परदेशातून थेट मागवता येते, किंवा अमेरिकेहून येणाऱ्या आप्ताच्या सामानातून येते. खोक्यावर तीन किंवा पाच वर्षांची हमी ठळकपणे छापलेली असते. ती विक्रीच्या देशापुरतीच असेल, तर ती अट बहुधा बारीक टाइपात दडलेली असते. भाग बिघडला, की ‘जिथून घेतला तिथे स्वखर्चाने पाठवा’ असे उत्तर येते आणि चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला या म्हणीचा ग्राहकाला प्रत्यय येतो.

टपालखर्चाचे एक वेळ सोसता येईल; खरी कसोटी लागते ती सीमाशुल्काच्या दारात. सदोष आयात मालावरील शुल्क परत देण्याची तरतूद सीमाशुल्क कायद्याच्या कलम २६-अ मध्ये आहे. परंतु माल सोडवल्यापासून ३० दिवसांच्या आत तो परत पाठवला, सरकारजमा केला वा नष्ट केला, तरच तिचा लाभ मिळतो. तीन वर्षांच्या हमीला तीस दिवसांच्या सवलतीचा काय आधार?

दुरुस्तीसाठी परदेशी पाठवून परत आणलेल्या मालासाठी २०१७ ची ४५ क्रमांकाची अधिसूचना आहे. तीनुसार संपूर्ण किमतीवर नव्हे, तर दुरुस्तीचा वाजवी खर्च आणि दोन्ही बाजूंचे वाहतूक व विमा यांवरच कर बसतो. सवलत योग्य आहे. परंतु दुरुस्तीचा खर्च प्रत्यक्षात झालेला असो वा नसो, तो धरावा, असे त्याच अधिसूचनेत म्हटले आहे. म्हणजे उत्पादकाने हमीखाली जे फुकट केले, त्यावरही ग्राहकाने कर भरावयाचा! पुन्हा, परत येणारी वस्तू पाठवलेलीच असली पाहिजे, अशी अट आहे. संगणकाचे भाग मात्र क्वचितच दुरुस्त होऊन येतात. उत्पादक बहुधा त्याच जातीचा दुसरा नग पाठवतो. त्याचा अनुक्रमांक वेगळा, म्हणून कायद्याच्या लेखी तो नवा माल, आणि एकाच खरेदीवर दुसऱ्यांदा कर!

बदली मालाच्या नावाखाली नवा माल करमुक्त घुसवला जाईल, ही अधिकाऱ्यांची भीती अगदीच निराधार नाही. पण तिचा बंदोबस्त करणे कठीण नाही. उत्पादकाच्या पत्रात जुन्या व नव्या नगाचे अनुक्रमांक असतील आणि सदोष नग निर्यात झाल्याची पावती सोबत असेल, तर संशयाला जागा उरत नाही. २०२४ च्या जुलैमधील अर्थसंकल्पात हमीखालील दुरुस्तीसाठी होणाऱ्या पुनर्आयातीची मुदत तीनवरून पाच वर्षे करण्यात आली. हमीच्या व्यवहाराचा वेगळा विचार करणे सरकारला अशक्य नाही, हाच त्याचा अर्थ. तो विचार एका मदरबोर्डाच्या मालकापर्यंत पोहोचला पाहिजे.

तथापि सारा दोष सरकारच्या माथी मारणेही न्याय्य ठरणार नाही. ज्या परदेशी कंपन्या येथे आपल्या मालाची जाहिरात करतात आणि येथील वितरकांमार्फत नफा कमावतात, त्यांनी आपल्याच नावाचा सदोष नग येथे स्वीकारण्यास नकार का द्यावा? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क दिला आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांच्या कक्षेत भारतीय ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणारे परदेशी व्यापारीही आणले. पण जिल्हा आयोगाचा निकाल परदेशातील कार्यालयात बजावायचा कसा, हा प्रश्न उरतोच. म्हणूनच हमीची प्रादेशिक मर्यादा किमतीइतक्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती झाली पाहिजे, आणि बदली नगाला मूळ नगाचाच दर्जा देणारी दुरुस्ती अधिसूचनेत झाली पाहिजे. माल विकताना ज्यांना देशांच्या सीमा आड येत नाहीत, त्यांना शब्द पाळतानाच त्या का आठवाव्यात?