खोदण्याआधी जमिनीखालचे पाहा

मीरा-भाईंदर शहरात खोदकामाला खंड नाही. कुठे पाण्याची नवी लाइन, कुठे गटार, कुठे गॅसचा पाइप, कुठे इंटरनेटची केबल, तर कुठे सोसायटीचे तुंबलेले ड्रेनेज. या कामांवर राबणाऱ्यांत आपले लोक पुष्कळ आहेत. प्लंबर, वायरमन, फॅब्रिकेशनवाले, मजूर पुरवणारे मुकादम, जेसीबी भाड्याने देणारे आणि पालिकेच्या मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली तुकड्यातुकड्याने काम घेणारे छोटे ठेकेदार, असे सगळे त्यात आले. खोदताना काही तुटले तर ज्यांचा धंदा बंद पडतो ते दुकानदारही आपलेच. म्हणून आज आम्ही या पानावर एका यंत्राविषयी लिहीत आहोत. ते आहे जमिनीखालचे पाइप आणि केबल शोधणारे इलेक्ट्रॉनिक लोकेटर. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, कारागिरांनी चार-सहा जणांनी मिळून हे यंत्र मिळवावे आणि नीट शिकावे, आणि दुकानदारांनी व सोसायट्यांनी तपासणी झाल्याशिवाय आपल्या दारात कुदळ मारू देऊ नये.

जमिनीखालचा पसारा

हे शहर एका आराखड्याने बसलेले नाही. आधी ग्रामपंचायती होत्या. १२ जून १९८५ रोजी नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका आली. प्रत्येक काळात पाइप पडले, पण पुढच्या माणसाला उपयोगी पडेल असा नकाशा मागे राहिलाच असे नाही. वीज आधी बीएसईएसची, मग रिलायन्सची आणि २०१८ पासून अदानीची. घरोघरी पाइपने येणारा गॅस महानगर गॅसचा. पाणी स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून. त्यावर टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या केबल आणि मोबाइल कंपन्यांच्या नव्या काचतंतूच्या केबल. २०१९ पासून मेट्रो ९ च्या कामाने मुख्य रस्त्यावरच्या वाहिन्यांची जागाही बदलली.

शिवाय इथली जमीन म्हणजे खाडीकाठचा चिखल, मिठागरे आणि भातखाचरे यांवर टाकलेली भरणी. भरणी खचते, रस्ता पुन्हा उंच केला जातो. एके काळी दोन फुटांवर असलेला पाइप आज चार फुटांवर असू शकतो. खाऱ्या मातीत लोखंडी पाइप लवकर गंजतो. मग गंजलेला तुकडा कापून तिथे प्लॅस्टिकचा जोडतात आणि त्याची नोंद कुणी ठेवत नाही. अशा जागी "इथे काही नाही, मार जेसीबी" असे म्हणणारा माणूस अंदाज बांधत असतो, आणि त्या अंदाजाची किंमत खड्ड्यात उतरलेला मजूर चुकवतो. ११ हजार व्होल्टच्या केबलवर पहार बसली तर जो भडका उडतो तो माणसाला पळायला वेळ देत नाही.

नुकसान किती दूर जाते

नोव्हेंबर २०२५ ची गोष्ट रिक्षावाल्या भावांना आठवत असेल. चेंबूरच्या आरसीएफ कारखान्याच्या आवारात गेलच्या मुख्य गॅसवाहिनीला बाहेरच्या कामामुळे धक्का लागला आणि महानगर गॅसच्या वडाळा केंद्राला होणारा पुरवठा अडला. नुकसान एका आवारातले, पण मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत सीएनजीसाठी रिक्षा-टॅक्सींच्या रांगा लागल्या आणि रोजच्या कमाईवर चूल पेटवणाऱ्यांचे दिवस वाया गेले.

त्याआधी ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अंधेरी पूर्वेला मेट्रो ६ च्या कामात वेरावली जलाशयाकडे जाणारी १,८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली. तिची दुरुस्ती दोन दिवसांहून अधिक चालली आणि पश्चिम उपनगरांतल्या मोठ्या भागाचे पाणी तुटले. परदेशातही हेच घडले आहे. बेल्जियममधील गिलेंघिएन येथे बांधकामात घासली गेलेली गॅसवाहिनी ३० जुलै २००४ रोजी फुटली आणि २४ माणसे मरण पावली. तिथे वाहिनी यंत्राचा धक्का बसला त्याच क्षणी फुटली नव्हती. जखम आधी झाली आणि घात नंतर झाला. म्हणून पाइपला नुसता ओरखडा गेला तरी तो मातीआड करून निघून जाऊ नये. संबंधित कंपनीला कळवणे हेच शहाणपण.

आपल्या बाजारातला हिशेब याहून लहान, पण रोजचा. केबल तुटली की मटणवाल्याचा आणि दूधवाल्याचा फ्रिज बंद, शिलाईची यंत्रे बंद, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतील भांड्यांचे पॉलिश बंद. इंटरनेट तुटले की मोबाइलवरून पैसे घेणेही बंद, आणि आज गिऱ्हाइकाच्या खिशात रोकड असतेच असे नाही.

यंत्र काम कसे करते

यात जादू नाही. तारेतून बदलता विद्युतप्रवाह वाहू लागला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. लोकेटरच्या दांड्यात तारांची वेटोळी असतात. ती हे क्षेत्र पकडतात आणि आवाजाने व पडद्यावरच्या आकड्याने दाखवतात. यंत्राचे दोन भाग असतात. हातात धरून चालायचा तो रिसीव्हर आणि जमिनीवर ठेवायचा तो ट्रान्समीटर.

नुसता रिसीव्हर घेऊन चालले तर जी केबल प्रवाह वाहत असेल तिचा ५० हर्ट्झचा सूर ऐकू येतो. काही लांब धातूच्या वाहिन्या दूरच्या रेडिओ लहरीही उचलतात, त्याही कळतात. परंतु खरे काम ट्रान्समीटरने होते. पाण्याच्या लोखंडी पाइपच्या उघड्या व्हॉल्व्हला एक चिमटा लावायचा, दुसरा चिमटा पाइपपासून आडव्या दिशेला जमिनीत ठोकलेल्या सळईला लावायचा आणि ठरावीक सूर पाइपमध्ये सोडायचा. मग रिसीव्हर घेऊन त्याच सुराचा माग काढत जायचे आणि खडूने किंवा रंगाने खुणा करत जायचे. चालू विजेच्या केबलला चिमटा कधीही लावायचा नाही. तिच्यासाठी बाहेरून वेढा घालणारा क्लॅम्प असतो. जोडायला जागाच नसेल तर ट्रान्समीटर जमिनीवर ठेवून वरूनच सूर उतरवता येतो, पण तो आजूबाजूच्या वाहिन्यांवरही उतरतो.

कोणता सूर निवडावा यातच कारागिराचे हुनर आहे. ३३ किलोहर्ट्झसारखा उंच सूर पाइपमध्ये चटकन शिरतो, पण शेजारच्या तारेवरही उडी मारतो. ५१२ हर्ट्झसारखा खालचा सूर दूरवर जातो आणि आपल्या वाटेवर राहतो, पण त्याला नीट जोडणी लागते. दाट वस्तीत, जिथे हातभर रुंदीत तीन केबल आणि दोन पाइप आहेत, तिथे हा फरक न जाणणारा माणूस एकाचा माग काढता काढता दुसऱ्यावर जातो.

आपल्या खाऱ्या जमिनीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रडारने जमीन तपासणारे यंत्रही बाजारात आहे आणि कोरड्या वाळूत ते चांगले चालते. पण ओल्या, खारट चिकणमातीत रडारची लहर थोड्या खोलीवरच विरून जाते. तेव्हा मीरा-भाईंदरच्या बऱ्याच भागांत केवळ रडारवर भिस्त ठेवणे धोक्याचे. इथे साधा लोकेटर अधिक भरवशाचा, अर्थात त्याच्या मर्यादा माहीत असतील तर.

यंत्राला काय दिसत नाही

या मर्यादा न सांगता यंत्र विकणारा व्यापारी आपला हितचिंतक नव्हे. पहिली मर्यादा प्लॅस्टिकची. गॅसचे पिवळे पाइप आणि पाण्याचे काळे एचडीपीई पाइप यांत धातू नाही, म्हणून ते सुराला दाद देत नाहीत. पाइपसोबत शोधतार टाकलेली असेल किंवा पाइपच्या आत छोटा ट्रान्समीटर सरकवता येत असेल, तरच माग लागतो. गंजलेल्या लाइनीत मध्येच प्लॅस्टिकचा तुकडा असेल तर सूर तिथे थांबतो. पाइप मात्र पुढे गेलेलाच असतो.

दुसरी मर्यादा शांत केबलची. केबलमध्ये दाब आहे पण त्या वेळी प्रवाह वाहत नाही, तर नुसत्या रिसीव्हरला ती ऐकू येत नाही. रात्री बंद असलेल्या गाळ्याची केबल मुकी भासेल, पण हात लावणाऱ्याचा जीव घेईल. तिन्ही फेजचा भार सारखा असलेल्या केबलचे क्षेत्रही एकमेकांना खोडते आणि सूर क्षीण होतो.

तिसरी मर्यादा खोलीची. यंत्र जी खोली दाखवते ती पाइपच्या मध्यापर्यंतची असते, वरच्या पृष्ठापर्यंतची नव्हे. शेजारच्या तारेने क्षेत्र वाकडे केले असेल तर आकडा चुकतो. यावर एक सोपी कसोटी आहे. रिसीव्हर जमिनीपासून अर्धा मीटर उचलावा. दाखवलेली खोलीही अर्ध्या मीटरने वाढली पाहिजे. वाढली नाही तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

तात्पर्य, लोकेटर "इथे काहीतरी आहे" असे सांगू शकतो. "इथे काही नाही" अशी ग्वाही तो देऊ शकत नाही. म्हणून खूण केल्यावर आधी हाताने, फावड्याने लहान खड्डा घेऊन वाहिनी डोळ्यांनी पाहावी आणि मगच जेसीबीला हात घालू द्यावा.

खर्चाचा प्रश्न

आमच्यापुढे तीन हरकती हमखास येतात. पहिली अशी की, आमच्या मिस्त्रीला तीस वर्षांचा अनुभव आहे, त्याला यंत्र कशाला? अनुभवाचा मान आम्ही राखतो. चेंबर कुठे, मीटर कुठे, पाइप कोणत्या भिंतीतून शिरतो हे अनुभवी माणूसच आधी पाहतो आणि त्यावाचून यंत्र आंधळे. पण तारेच्या दोन काड्या हातात धरून पाइप सांगणे, किंवा पायाळू माणसाला बोलावणे, हा अनुभव नव्हे. जिथे चुकल्यास जीव जातो तिथे अशा गोष्टींवर मजुराला खड्ड्यात उतरवू नये.

दुसरी हरकत पैशाची. चांगल्या बनावटीचा संच लाखांच्या घरात जातो आणि एकट्या प्लंबरला तो झेपणार नाही, हे खरे. पण आठ-दहा जणांनी भागीदारीत घेतला तर झेपतो. एकाच्या ताब्यात तो अमानत म्हणून ठेवावा, रोजचे भाडे ठरवावे, वहीत नोंद करावी, आणि बाहेरच्यालाही तपासणीसाठी दाम घेऊन सेवा द्यावी. सुरुवातीला भाड्याने आणून पाहावे. आमच्या मते जो कारागीर आज हे शिकेल त्याला उद्या काम शोधत हिंडावे लागणार नाही, काँक्रीटचे रस्ते होतील तसतसे तर मुळीच नाही. डांबराचा रस्ता चुकीच्या जागी फोडला तर चालून जात असे. काँक्रीट चुकीच्या जागी फोडणे कुणालाच परवडत नाही.

तिसरी हरकत अशी की, हे काम पालिकेचे आहे. निश्चितच आहे. नव्या वाहिनीची नोंद जागेवर मोजून ठेवणे, प्लॅस्टिकच्या पाइपसोबत शोधतार आणि वर इशाऱ्याची पट्टी टाकणे, आणि परवाना देताना खोदणाऱ्याच्या हातात नकाशा देणे, या मागण्या आपल्या व्यापारी संघटनांनी लावून धरल्या पाहिजेत. पण केबल तुटल्यावर मोठा ठेकेदार बाजूला होतो आणि दंड, शिवीगाळ व पोलिसांचे खेटे हाताखालच्या माणसाच्या वाट्याला येतात. त्याने पालिकेची वाट पाहत बसणे हिताचे नाही.

कायदाही आता बोलू लागला आहे. दूरसंचार वाहिन्यांच्या सुरक्षेचे नियम केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. खोदणाऱ्याने आधी पोर्टलवर सूचना द्यावी आणि नुकसान केल्यास भरपाई द्यावी, असे त्यात आहे. त्यासाठीचे 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाइल ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. बेहिशेबी खोदकामामुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सरकारनेच त्या वेळी सांगितले. या सूचनेला पैसे लागत नाहीत, आणि सूचना दिल्याची नोंद उद्या वाद झाला तर गरीब ठेकेदाराच्या बाजूने उभी राहते.

काय करावे

दुकानदारांनी आणि सोसायटीच्या कमिट्यांनी काम देताना दरपत्रकात तपासणीची ओळ वेगळी मागावी आणि तिचे पैसे वेगळे द्यावेत. सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला काम द्यायचे आणि सुरक्षेची अपेक्षाही त्याच्याकडूनच करायची, हा व्यवहार न्यायाचा नाही. काम झाल्यावर पाइप कुठून गेला याचे साधे रेखाचित्र, भिंतीपासूनच्या मापांसह, सोसायटीच्या फाइलीत लावावे. त्यावर मोबाइलने काढलेले फोटो ठेवावेत. दहा वर्षांनी येणारा प्लंबर दुवा देईल.

कारागिरांनी आधी ॲपवर सूचना द्यावी, वीज आणि गॅस कंपनीला फोन करावा, मग लोकेटर फिरवावा, मग हाताने खड्डा घ्यावा. हा क्रम मोडू नये. तपासणी करणाऱ्याने काय सापडले आणि काय शोधता आले नाही, ते दोन्ही गिऱ्हाइकाला लिहून द्यावे. "सगळे साफ आहे" असे कुणालाही लिहून देऊ नये, कारण ते यंत्राने सांगितलेले नसते.

पावसाळा सरला की खोदकामांना पुन्हा जोर येतो. तोवरचे महिने मोकळे असतात. नया नगरच्या, भाईंदरच्या, काशिमीऱ्याच्या प्लंबर आणि वायरमन भावांनी या महिन्यांत एकत्र बसावे, एक संच भाड्याने आणावा, आणि जिथला पाइप आधीच ठाऊक आहे अशा सोसायटीच्या आवारात त्यावर हात बसवावा. एका सुट्टीच्या दिवसाची ही मेहनत आहे. तिने एखाद्या मजुराचा जीव वाचला तरी ती फळाला आली.