मांडव्याला उतरलेली पेटुनिया

मार्च लागला की मांडव्याच्या जेट्टीवर रो-रो बोटीतून उतरणाऱ्या गाड्यांच्या डिकीकडे जरा बघत जा. आइसबॉक्स, पोहायचे कपडे, कुत्र्याचे खाणे, आणि त्यांच्या बाजूला पेटुनियाच्या रोपांचा क्रेट. ही बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. त्याआधी शनिवार-रविवारचे बंगलेवाले वडखळच्या कोंडीतून घामाघूम होऊन यायचे, तेव्हा नाजूक रोपे बरोबर घ्यायची कोणाची हिंमत होत नसे. आता भाऊच्या धक्क्यावरून तासाभरात गाडीसकट इकडे येता येते, म्हणून रोपवाटिकेतली फुललेली रोपेही येतात. गेटपासून पायरीपर्यंत ओळीने लागतात. दोन आठवडे फोटो काढण्याजोगी दिसतात. एप्रिल सरेपर्यंत देठ लांबलेले, पाने पिवळी, आणि बोलणी खायला माळीदादा.

"रोज दोन वेळा पाणी घालतो हो ताई, तरी माना टाकतात," हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकते. त्यात माळीदादाचा दोष काही नसतो.

अलिबागचा उन्हाळा आकड्यात भयंकर नाही. मे महिन्यातही दुपारचा पारा तेहतीस-चौतीसच्या आसपास असतो. अकोल्याचा माणूस ऐकून हसेल. पण आमच्याकडे रात्र निवत नाही. समुद्र दिवसाची ऊब धरून ठेवतो, हवा दमट, आणि पहाटेसुद्धा अंगाला घाम. पेटुनिया, डायांथस, फ्लॉक्स, पॅन्सी ही थंड रात्रीची झाडे. दिवसभर पानांनी कमावलेली साखर उबदार रात्री श्वसनातच खर्च होते, मग फुलाला शिल्लक काय राहणार? पाणी दोनदा घाला नाहीतर चारदा, हा हिशेब जुळत नाही.

म्हणून पहिली गोष्ट महिन्याची. आपल्या किनाऱ्यावर असल्या फुलांचा हंगाम म्हणजे पांढऱ्या कांद्याचा हंगाम. भात निघाले, शेतात ओल आहे, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते, तेव्हा अलिबागच्या शेतकऱ्याचे हात कांद्याच्या रोपांकडे वळतात. ज्या कांद्याला आता भौगोलिक मानांकन आहे आणि ज्याच्या वेण्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला टांगलेल्या दिसतात, तोच हा. ऑक्टोबरात बी टाका, नोव्हेंबरात रोपे लावा, पेटुनियासुद्धा फेब्रुवारीअखेरपर्यंत सुखाने फुलेल. मार्चमध्ये ती विकत घेणे म्हणजे निघालेल्या पाहुण्याला जेवायला वाढणे.

मग उन्हाळ्यात वाफे ओस ठेवायचे का? मुळीच नाही. ऑफिस टाइम आहे, सदाफुली आहे, बटनफूल आहे, झिनिया, कोंबडा, गलांडा, बुटके सूर्यफूल आहे. गंमत अशी की परदेशातल्या बियाण्यांच्या कॅटलॉगात तापलेल्या, उन्हाळी बागांसाठी म्हणून जी नावे दिमाखात छापतात, त्यात यातली बहुतेक असतात. इकडे ती शाळेच्या आवारात, देवळामागे आणि तेलाच्या जुन्या डब्यात वाढतात, म्हणून बंगल्याच्या दारात शोभत नाहीत अशी समजूत. माझे मत विचाराल तर चार रंगांच्या ऑफिस टाइमने भरलेला एक वाफा कुठल्याही आयात रोपाला मान खाली घालायला लावील. ते झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. पाने गुबगुबीत, पाणी साठवून ठेवणारी. बोटभर फांदी तोडून वाळूत खोचली की मुळे धरते, म्हणजे एका शेजारणीकडून आणलेल्या मूठभर फांद्यांत सगळे अंगण भरते. अट एकच, सकाळी नऊपासून कडक ऊन हवे. सावलीत ते फुलत नाही आणि ढगाळ दिवशी पाकळ्या उघडायचा कंटाळा करते.

दुसरी गोष्ट मातीची. नागाव, आक्षी, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर या पट्ट्यात समुद्रालगत पुळण. तिच्यात घातलेले पाणी बघता बघता खाली जाते आणि त्याबरोबर खतही जाते. रस्त्याच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे गेले की तांबडी माती, ती पाणी धरते आणि वरून कडक होते. दोन्हीकडे एकच सल्ला चालत नाही. पुळणीत रोज सकाळी पाणी द्यावेच लागते. तांबड्या मातीत दिवसाआड, पण सावकाश आणि खोलवर. दुपारी एक वाजता झिनियाची पाने लोंबली म्हणून लगेच पाइप उघडू नका. कडक उन्हात पाने स्वतःहून मरगळतात आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. संध्याकाळीही उभी राहिली नाहीत तरच झाड तहानलेले समजावे. तांबड्या मातीतली निम्मी झाडे उन्हाने मरत नाहीत, काळजीपोटी घातलेल्या पाण्याने मुळे कुजून मरतात.

पुळणीला पाणी धरायला शिकवायचे तर आपल्या वाडीतच औषध आहे. नारळाची सोडणे. वीतभर माती काढून खाली सोडणांचा थर द्यायचा, पोकळ बाजू वर, त्यावर शेणखत आणि माती. माडाच्या बुंध्याशी जुने लोक हेच करीत आले आहेत. सोडण ओल धरून ठेवते आणि हळूहळू कुजून मातीत मिसळते. वरून सुक्या झावळ्यांचा नाहीतर पोफळीच्या पानांचा चुरा पसरला की वाफा तापत नाही. बाजारातले कोकोपीट हेही सोडणांचेच, पण ते वापरण्याआधी दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुऊन घ्या. न धुतलेल्यात खार असतो.

आणि खार तर आपल्याकडे आधीच पुरेसा आहे. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी मचूळ होते. जिभेला कळते त्याच्या आधी झाडाला कळते: पानांची टोके आणि कडा तपकिरी होऊन करपतात. पुष्कळ जण याला उन्हाचा चटका समजतात, आणि त्याच विहिरीचे आणखी पाणी घालतात. त्यातच दुपारनंतर खारे वारे सुटतात. समोर समुद्र आणि मध्ये सुरूची रांगही नाही, अशा बंगल्यात पहिल्या ओळीला सदाफुली आणि गलांडा यांच्याशिवाय काही लावू नये असे मला वाटते. गलांडा मेक्सिकोच्या आखाताकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर आपोआप वाढतो; त्याला आपली पुळण म्हणजे माहेरच. नाजूक जातींना घराच्या आडोशाला जागा द्या, आणि जोराचा वारा होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी गोड्या पाण्याने पाने धुवा. सकाळी हे महत्त्वाचे. संध्याकाळी पाने भिजवली तर झिनियाला ठिपके पडतात.

सदाफुलीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तिच्यावर अन्याय फार होतो. मूळची मादागास्करची. कोणी तिला स्मशानातले फूल म्हणून घरात लावत नाहीत, कोणी तिची पाने मधुमेहावर चावतात. मधुमेहाच्या औषधाच्या शोधातच कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५८ साली तिच्यातून व्हिनब्लास्टिन वेगळे काढले, आणि ते निघाले कर्करोगावरचे औषध. यावरून तिच्या पानांत किती जहाल द्रव्ये आहेत ते ओळखा आणि चावणे बंद करा. याच कडवट विषारीपणाचा बागेला मात्र फायदा. मोकाट गुरे आणि बकऱ्या तिला तोंड लावत नाहीत. आमच्या भागात कुंपण नसलेल्या अंगणासाठी याहून मोठी शिफारस नाही.

तिचे बी मोहरीपेक्षा बारीक, काळे. पेरल्यावर मातीने झाकावेच लागते, कारण ते अंधारात रुजते. फेब्रुवारीत पेरले तर मेमध्ये फुले. उन्हाळाभर तिला फारसे काही लागत नाही. तिचा वैरी पाऊस. जुलैत पाणी साचलेल्या वाफ्यात देठ जमिनीपासून काळे पडत जातात आणि झाड बसते. ही बुरशी, तिच्यावर फवारणी करत बसण्यात अर्थ नाही. चार रोपे कुंडीत काढून पागोळीच्या आत ठेवा, बी धरून ठेवा, बाकीची जाऊ द्या. वर्षायू म्हणून लावलेल्या झाडाशी असे निर्मळ नाते असावे.

उन्हात काय लावायचे हा प्रश्न काही वाड्यांत निराळ्याच वाटेने आला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या वाड्यांत पोफळी काडीसारख्या मोडून पडल्या, माड उन्मळले. जिथे पिढ्यानपिढ्या जमिनीला कवडसे तेवढे मिळत होते तिथे एका दुपारीत आभाळ उघडे पडले. सावलीतली विड्याची पाने, मिरी, अंगणातली नेची या उन्हात करपून गेली. श्रीवर्धनी रोठ्याची पोफळ नव्याने लावली तरी फळाला यायला सहा-सात वर्षे तरी जातात, आणि सावली धरायला त्याहून जास्त. मधल्या काळात पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांना अंगण उजाड ठेवून कसे चालेल? झेंडू, कोंबडा, कॉसमॉस लावले गेले ते अशा जागी. त्या वाडीमालकांना बागकामाची हौस करायला फुरसत नव्हती, त्यांना स्वस्तात आणि लवकर काहीतरी उभे करायचे होते. दोन-अडीच महिन्यांत फुलणारे झाड हे काम करते.

फक्त कॉसमॉसबद्दल सावध करते. तो पिवळा-नारिंगी कॉसमॉस अंगणात राहत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर तो पसरून तिथल्या गवताफुलांची जागा खाऊन बसला आहे. आपल्या वाडीमागे डोंगर असेल तर त्याला हात लावू नये. लावलाच असेल तर बी धरायच्या आत उपटावा.

झेंडूवर आपल्याकडे फार बोलले जाते, म्हणून थोडक्यात. दसऱ्याला तोरण दारच्याच झेंडूचे हवे असेल तर जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला रोपे पावसाच्या आडोशाला तयार करा आणि ऑगस्टात उंच गादीवाफ्यावर लावा. अलिबागला पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सपाट वाफ्यात झेंडूचे मूळ टिकत नाही. झाड वीतभर झाले की शेंडा खुडा. जीव कळवळतो, पण खुडल्याशिवाय फांद्या फुटत नाहीत. उन्हाळ्यात लावलात तर पानांच्या मागे लाल कोळी बघत जा. पाने फिकट, भुरकट दिसू लागली आणि बारीक जाळी धरली की पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा. निंबोळी अर्क नंतर.

रोपे घेताना एक गोष्ट सांगायला हवी, ती रोपवाटिकावाल्यांना आवडणार नाही. फुललेले रोप घेऊ नका. फुलाने बघणाऱ्याचा रंगाचा प्रश्न सुटतो, पण त्या झाडाची ताकद फुलात गेलेली असते आणि मुळे पिशवीत गोल फिरून घट्ट झालेली असतात. आखूड पेरांचे, गर्द हिरवे, कळीही न धरलेले रोप घ्या. रंग पाकिटावर वाचा. आणि लावायला संध्याकाळ निवडा, म्हणजे पहिले काही तास तरी त्याला उन्हाशिवाय मिळतील.

आता आगोटीची कामे सुरू होतील. छपरे शाकारली जातील, लाकूडफाटा आत जाईल, मिठाच्या आणि सुक्या मासळीच्या बरण्या भरल्या जातील. त्या गडबडीत तेरड्याची आठवण ठेवा, कारण पावसाळ्यात वाफा रंगवायला त्याच्यासारखे दुसरे झाड आपल्याकडे नाही. परदेशातून आलेल्या या सगळ्या मंडळींत तेरडा तेवढा इथला. रानतेरडा श्रावण-भाद्रपदात डोंगरउतारांवर गुलाबी पट्टे ओढतो, आणि कोकणात पुष्कळ घरी गौर आणतात ती तेरड्याची रोपे उपटूनच. त्याचा रंग तीनच दिवस हे आपण म्हणत आलो, पण बागेतला दुहेरी पाकळ्यांचा तेरडा महिनाभर फुलत राहतो. बोंडे पिकली की हात लागताच फुटतात, म्हणून ज्यांनी गेल्या वर्षी पिशवी बांधून बी धरले त्यांच्याकडेच ते मिळेल. शेजारी मागा, कोणी नाही म्हणत नाही. मृगाचा पाऊस पडून माती थंड झाली की वितीच्या अंतराने टाका, मातीचा हलका थर द्या, आणि पाणी साचू देऊ नका. गणपतीच्या आत फुलेल.