दोन जाती, एक उंबरठा

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि खारकोपर-उरण रेल्वेमार्ग या दोहोंचे उद्घाटन झाले आणि पनवेल-उरण पट्टा जणू मुंबईच्या अंगणात आला. या बाजूला राहावयास आलेल्या अनेक कुटुंबांत एक जुनी हौस पुन्हा डोके वर काढते: आता जागा थोडी मोठी आहे, तर कुत्रा पाळू या. करंजा येथे तिसऱ्या मजल्यावर घर घेतलेल्या आमच्या परिचयातील एका कुटुंबातही हाच विषय निघाला. घरात ७८ वर्षांच्या आजी, दोघेही नोकरी करणारे पतिपत्नी आणि ९ वर्षांचा मुलगा. वडिलांना लॅब्रडॉर हवा होता, मुलाला कारवानी. निवाडा करण्याचे काम आमच्याकडे आले.

बँकेत कर्जाचा अर्ज तपासताना तारण कितीही देखणे असले तरी आधी परतफेडीची कुवत पाहावी लागते. कुत्रा पाळणे हेदेखील दहा-बारा वर्षांचे कर्जच होय. हप्ता रोजचा, तोही वेळेचा आणि श्रमांचा. मुदतीपूर्वी खाते बंद करण्याची सोय नाही. म्हणून रूपाआधी त्या प्राण्याची गरज पाहावी. आणि गरज कळण्यासाठी ती जात मुळात कोणत्या कामासाठी घडली, हे जाणून घ्यावे.

लॅब्रडॉरचे मूळ कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांच्या कुत्र्यांत आहे. थंडगार पाण्यात उतरून वस्तू आणून देणे हे त्याचे काम. त्यासाठीच त्याच्या अंगावर केसांचा दाट दुहेरी थर असतो. पुढे इंग्लंडमध्ये ही जात स्थिरावली आणि १९०३ साली तेथील केनेल क्लबने तिला मान्यता दिली. माणसाच्या मर्जीने काम करण्याचा स्वभाव असल्यामुळे तो मुलांत रमतो आणि लवकर शिकतो.

कारवानी आपल्या मातीतला. लातूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर या भागांत तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. सीमेपलीकडे कर्नाटकात त्याला मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या जातीला आश्रय दिला, आणि २००५ साली डाक विभागाने तिच्यावर तिकीटही काढले. लांब पाय, आत ओढलेले पोट, आखूड केस. नजरेने भक्ष्य टिपून वेगाने पाठलाग करणे हे त्याचे काम. घरात तो शांत असतो, अनोळखी माणसापासून अंतर राखतो. परंतु काही पळताना दिसले की हाक मारूनही थांबेलच असे नाही.

आता हे दोघे करंजाच्या हवेत ठेवून पाहू. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीराची उष्णता बाहेर टाकतो. खाडीकाठच्या दमट हवेत ओलावा लवकर उडत नाही, म्हणून दाट केसांच्या लॅब्रडॉरला एप्रिल-मेची दुपार आणि पावसाळ्यापूर्वीचा उकाडा जड जातो. त्याला पहाटे व रात्रीच फिरवावे लागते, आणि पावसाळ्यात अंग कोरडे ठेवून गोचीड तपासाव्या लागतात. त्याची भूकही अनावर. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकात दोष असतो. केविलवाणे डोळे पाहून दिलेली प्रत्येक पोळी त्याच्या सांध्यांवर भार टाकते. शिवाय ३० किलोच्या या गड्याने पट्ट्याला हिसका दिला, तर आजींचा तोल जाऊ शकतो.

कारवानीला उष्मा सोसतो आणि त्याचे केसही कमी गळतात. मात्र त्याला रोज मोकळ्यावर धावावयास हवे. करंजा येथे मासळी सुकते तेथे मांजरे आणि पक्षी असणारच. रस्त्यावर वाहने आहेत. अशा ठिकाणी त्याला पट्ट्याविना सोडता येणार नाही, आणि कुंपणाचे आवार तिसऱ्या मजल्यावर कोठून आणणार?

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. श्वानपालनाची याहून नेमकी कसोटी आम्हांस माहीत नाही. धावण्यासाठी जन्मलेल्या कारवानीला गॅलरीत साखळीने बांधणे हा बंध. शोभेसाठी कान-शेपूट छाटणे हा छेद. मांजरामागे धावणाऱ्या कुत्र्याला दोष देता येत नाही. तसा प्रसंग येईल हे ठाऊक असूनही त्याला तेथे आणणाऱ्याची जबाबदारी मात्र टळत नाही.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो. मांजराप्रमाणे कुत्रा मांसावरच अवलंबून नसतो. माणसाच्या सहवासात त्याला पिष्टमय अन्न पचविण्याची क्षमता लाभली आहे. तरीही नुसता दूध-भात म्हणजे आहार नव्हे. शाकाहारी ठेवावयाचे असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने प्रथिने व जीवनसत्त्वांचा मेळ घालावा आणि अधूनमधून तपासणी करावी. हे जमणार नसेल तर कुत्रा न आणणे हाच विवेक. कांदा-लसूण त्यालाही घातक, ही आपल्या सोयीची गोष्ट. पण द्राक्षे आणि मनुकाही तितक्याच घातक आहेत, तेव्हा मनुका घातलेला शिरा त्याच्या पुढ्यात ठेवू नये.

आमचा निवाडा असा. बैठे घर, उंच कुंपण आणि रोज पळवणारा धडधाकट माणूस असेल तर कोकणात कारवानी उत्तम. या कुटुंबासाठी मात्र दोहोंत लॅब्रडॉर बरा, तोही तीन अटींवर: अन्न मोजून द्यावे, दुपारी घरात पंख्याखाली ठेवावे आणि फिरवण्याचे काम आजींवर टाकू नये. शक्यतो शांत स्वभावाचा, वयात आलेला, घर गमावलेला कुत्रा दत्तक घ्यावा. पिल्लूच घ्यावयाचे तर नोंदणीकृत पैदासकाराकडून. २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही.

आणि त्याआधी एक विनाखर्चाची परीक्षा. महिनाभर, कुत्रा नसतानाच, घरातील कोणीतरी पहाटे साडेपाचला आणि रात्री नवाला अर्धा-अर्धा तास न चुकता फिरून यावे. एकतीस दिवसांत खाडा झाला नाही तर खुशाल कुत्रा आणावा. दहाव्या दिवशीच कंटाळा आला, तर एक मुका जीव वाचला असे समजावे.