घरचीं यंत्रें : टर्बो मोटार आणि बोरघाट

तळेगांवच्या एका वाचकभगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदत आहेत. धाकट्या दिरांनीं गेल्या वर्षीं टर्बो इंजिनाची, चालीनें चपळ अशी सेडान मोटार घेतली. महिन्यांतून एकदां तरी सारें कुटुंब लोणावळ्यास जातें, आणि वर्षांतून दोनदां कुलदेवतेच्या दर्शनासाठीं घाट उतरून कोंकणांत जातें. शेजारी म्हणतात कीं, अशीं इंजिनें तीन-चार वर्षांत 'बसतात', आणि दुरुस्तीचा आंकडा ऐकून गाडी मिळेल त्या किंमतीस विकावी लागते. सासूबाईंनीं आपल्या ठेवींतील कांहीं रक्कम या गाडीसाठीं मोडून दिली आहे. तेव्हां ही भीति कितपत खरी, असा या भगिनींचा प्रश्न आहे. प्रश्न घरच्या पैशाचा आहे. आणि घाट उतरतांना गाडींत वृद्ध माणसें व मुलें बसलेलीं असतात, म्हणून तो पैशाहूनहि मोठा आहे.

गाडीची ही जात आपल्याकडे अगदींच नवी नव्हे. स्कोडाची ऑक्टाव्हिया आर. एस. २००४ सालीं येथें विक्रीस आली. २०१७ व २०२० सालीं तिच्या अधिक बलवान आवृत्त्या आल्या, पण २०२० सालची आवृत्ति अवघ्या २०० गाड्यांची होती. २०२२ सालापासून मात्र स्कोडा स्लाविया व फोक्सवॅगन व्हर्टस या दोन सेडान, दीड लिटरच्या टर्बो इंजिनासह, मावळच्या शेजारींच चाकणच्या कारखान्यांत तयार होऊं लागल्या. जें यंत्र पूर्वीं हौशी धनिकांपुरतें होतें, तें अशा रीतीनें मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या दारीं येऊन उभें राहिलें. हौशी मनुष्य यंत्राची भाषा आधीं शिकतो व मग तें विकत घेतो; कुटुंबाला ती मागाहून शिकावी लागते.

ही भाषा अवघड नाहीं. शरीरांत जसे प्राण व अपान हे वायु मानले आहेत, तसेच इंजिनांतहि आहेत असें समजा. आंत घेतलेली हवा हा प्राण, व जळून बाहेर पडणारा वायु हा अपान. साध्या इंजिनांत हा अपान सायलेन्सरमधून व्यर्थ निघून जातो. टर्बोमध्यें त्याच्या वाटेंत पात्यांचें एक लहान चाक बसविलेलें असतें. बाहेर पडणारा वायु तें फिरवितो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास असलेलें चाक त्यामुळें फिरतें, आणि बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबतें. अधिक हवा मिळाली म्हणजे अधिक पेट्रोल जाळतां येतें आणि लहान इंजिन मोठ्याचें काम करतें. ही युक्ति स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याची. तिचें पेटंट त्यांनीं १९०५ सालीं घेतलें. पुढें १९१८ सालीं सॅनफर्ड मॉस यांनीं विमानाचें टर्बो-इंजिन अमेरिकेंतील पाइक्स पीक या सुमारें १४,००० फूट उंचीच्या शिखरावर नेऊन चालवून पाहिलें. उंचावरील विरळ हवेंत साधें इंजिन धापा टाकूं लागतें; टर्बो ती उणीव भरून काढतो, हें त्यांना दाखवावयाचें होतें.

आपल्या घाटांत हाच प्रयोग लहान प्रमाणावर रोज होतो. लोणावळ्याची हवा खोपोलीच्या मानानें सुमारें सहा टक्के विरळ आहे. आगगाडीला १८६३ सालापासून याच बोरघाटांत ३७ फुटांस १ फूट असा चढ चढावा लागला. त्यासाठीं कर्जतहून गाडीच्या मागें ढकलणारीं बँकर इंजिनें जोडण्याची वहिवाट पडली. टर्बो हा मोटारीच्या पोटांतला बँकर आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. हा बँकर मात्र फार नाजुक ठिकाणीं उभा असतो. त्याचीं चाकें मिनिटास दीड-दोन लाख फेरे घेऊं शकतात. त्यांवर येणारा वायु ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असूं शकतो. आणि दोन्ही चाकांचा दांडा केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर करपला, आटला किंवा गढूळ झाला कीं दांडा झिजलाच. टर्बोच्या निगेचें सारें मर्म या एका वाक्यांत आहे.

म्हणून पहिली गोष्ट तेलाची. सामान्यतः १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तेव्हां तेल बदलावें, असें कंपनी सांगते. ज्यांची गाडी वारंवार घाट चढते किंवा पिंपरी-चिंचवडच्या गर्दींत तासन्‌तास रांगते, त्यांनीं साडेसात ते दहा हजारांवरच बदलावें हें बरें. तेल पुस्तिकेंत लिहिलेल्या दर्जाचेंच घालावें. चार पैसे वांचविण्यासाठीं दुसरें घालूं नये. महिन्यांतून एकदां गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन थंडावल्यावर, पट्टी ओढून तेलाची पातळी पाहावी. हें काम घरांतील कोणालाहि करतां येतें. त्यास मिस्त्री लागत नाहीं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. खोपोलीपासून जोरांत चढून आलेली गाडी लोणावळ्यास चिक्कीच्या दुकानापुढें उभी राहते न राहते तोंच इंजिन बंद होतें. तेलाचा प्रवाह तत्काळ थांबतो. चाक मात्र तापलेलेंच असतें, आणि तेथें अडकलेलें तेल करपून त्याची खपली धरते. नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरहि विजेचा पंप थोडा वेळ पाणी फिरवीत राहतो. त्याचा गुणगुणाट ऐकून घाबरूं नये. तरीहि शेवटले एक-दोन किलोमीटर संथ चालवावे, आणि फार घाईनें चढून आल्यास मिनिटभर इंजिन चालूं ठेवावें. तिसरी गोष्ट चढावरील गिअरची. ज्यांची गाडी हातगिअरची आहे त्यांनीं वरच्या गिअरमध्यें कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर पार दाबून चढ ओढूं नये. अशा वेळीं लहान टर्बो इंजिनांत ठिणगीच्या आधींच पेट्रोल पेट घेतें व पिस्टनवर हातोडा बसावा तसा आघात होतो. एक गिअर खालीं घ्यावा. आवाज वाढला तरी इंजिनास तेंच मानवतें.

आतां दुरुस्तीकडे वळूं. येथें कुटुंबाचा पैसा सर्वांत अधिक वायां जातो तो एका घाईमुळें. गाडी ओढेनाशी झाली, इंजिनाच्या आकृतीचा दिवा लागला, कीं कोणीतरी म्हणतो, "टर्बो गेला." टर्बो बदलणें हें मोठ्या खर्चाचें काम, आणि पुष्कळ वेळां दोष टर्बोचा नसतोच. दाबलेली हवा इंजिनापर्यंत नेणारी रबरी नळी चिरलेली असते, किंवा तिचा पट्टा सैल झालेला असतो. जोर दिला असतां फुस्स किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, आणि संगणक इंजिनाचा जोर मुद्दाम कमी करतो. हा दोष थोडक्या खर्चांत दूर होतो. गाडी चढावर धक्के देत असेल व दिवा लुकलुकत असेल, तर बहुधा प्लग किंवा त्याची इग्निशन कॉइल खराब झालेली असते. अशा वेळीं जोरानें चालवूं नये. न जळलेलें पेट्रोल पुढें जाऊन धूर शुद्ध करणारा महागडा कन्व्हर्टर बिघडवितें. म्हणून गॅरेजमध्यें आधीं दोषाचा क्रमांक वाचून घ्यावा, मग नळ्यांत धूर सोडून गळती तपासावी, आणि टर्बो काढावयाचाच झाला तर त्याच्या दांड्याचा खेळ स्वतः डोळ्यांनीं पाहावा. निळा धूर येत असेल, तेल झपाट्यानें घटत असेल व नळींत तेल सांचत असेल, तर मात्र टर्बोविषयींची शंका रास्त आहे.

बोनेटमधून गोडसर वास आला किंवा गाडीखालीं गुलाबी-जांभळा डाग दिसला, तर तें शीतजल गळत आहे असें समजावें. या इंजिनांत पाण्याचा पंप व त्याचें प्लॅस्टिकचें घर हीं गळण्याचीं परिचित ठिकाणें आहेत. इंजिन तापलेलें असतां टाकीचें झांकण उघडण्याचा मोह कोणीहि करूं नये. उकळत्या पाण्यानें हात-तोंड भाजतें. ज्यांनीं जुनी १.८ लिटरची ऑक्टाव्हिया किंवा लॉरा विकत घेतली असेल, त्यांनीं सकाळीं इंजिन सुरू होतांना पहिल्या कांहीं क्षणांत साखळीचा खडखडाट होतो काय, तें ऐकावें. टायमिंग चेन ताणून धरणारा भाग ढिला झाला तर साखळी दांत चुकविते आणि सारें इंजिन निकामी होतें. वेळींच केलेली बदली त्या मानानें स्वस्त असते. पेट्रोल थेट सिलिंडरांत फवारलें जात असल्यामुळें हवेच्या झडपा धुतल्या जात नाहींत व त्यांवर काजळी सांचते. ती काढण्यासाठीं जाणते मिस्त्री अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबानें मारतात. उपाय ऐकावयास विचित्र, पण धातूस न दुखविणारा आहे.

व्हर्टस व स्लाविया यांच्या आपोआप बदलणाऱ्या सात गिअरांच्या पेटींत दोन कोरडे क्लच असतात. रविवारीं संध्याकाळीं घाटांत गाड्यांची रांग लागते, तेव्हां पुष्कळ चालक चढावर ब्रेक न दाबतां ॲक्सिलरेटरच्या आधारानें गाडी जागीं तोलून धरतात. क्लच त्यामुळें घांसून तापतो. पुढच्या गाडीशीं चांगलें अंतर पडूं द्यावें, मग एकदम सरकावें, आणि थांबतांच ब्रेक दाबावा. उष्ण व दमट हवेचें या पेटीशीं जुनें वैर आहे. २०१३ सालीं फोक्सवॅगननें जगभर सुमारें १६ लाख गाड्या परत बोलाविल्या, आणि या जातीच्या पेटींतील कृत्रिम तेल काढून खनिज तेल घालण्याचें ठरविलें, तें याच कारणानें.

येथेंच घरांतील तरुण मंडळींना एक सांगणें आहे. संगणकाची मांडणी बदलून इंजिनाचा जोर वाढवून देणारे कारागीर आतां सर्वत्र भेटतात. या गिअरपेटीची सहनशक्ति २५० न्यूटन-मीटरांची आहे, आणि दीड लिटरच्या इंजिनाचा जोर मुळांतच २५० आहे. म्हणजे कारखान्यांतून निघतांनाच भांडें कांठोकांठ भरलेलें आहे. त्यांत आणखी ओतलें तर तें सांडणार, कंपनीची हमीहि जाणार, आणि बिल बहुधा त्या माणसाच्या ठेवींतून भरलें जाणार, जिनें ॲक्सिलरेटरला कधीं पाय लावलेला नाहीं. एकत्र कुटुंबांत यंत्र एकाच्या नांवावर असतें. जोखीम सर्वांची असते.

आतां सर्वांत महत्त्वाचें, तें उताराचें. टर्बो चढावर मदत करतो. उतारावर त्याचा कांहींच उपयोग नाहीं. उलट, इंजिन लहान असल्यामुळें तें गाडीला मागें ओढूनहि कमीच धरतें. म्हणून खंडाळ्याहून खालीं उतरतांना गिअरची दांडी हातबदलीच्या खांचेंत आणून दुसरा किंवा तिसरा गिअर आधींच घ्यावा. न्यूट्रलमध्यें गाडी सोडून पेट्रोल वांचविण्याची कल्पना प्राणघातक आहे. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर तबकड्या तापतात, आणि ब्रेकच्या तेलानें ओलावा शोषलेला असला तर तें उकळून पायाखालचें पेडल एकाएकीं मऊ पडतें. मावळच्या पावसाळी हवेंत हें तेल दर दोन वर्षांनीं न चुकतां बदलावें. गाडी जितकी वेगवान, तितकी ब्रेकची तपासणी कडक, हा नियम कोंकणांत उतरण्यापूर्वीं दरवेळीं पाळावा.

पावसाळ्यांत रस्त्यावर सांचलेल्या पाण्यांत गाडी घालूं नये. हवा ओढणाऱ्या तोंडांत पाणी शिरलें तर सिलिंडरांत तें दाबलें जात नाहीं, आणि पिस्टनचा दांडा वांकतो. पाण्यांत इंजिन बंद पडलेंच, तर तें पुन्हां सुरू करून पाहूं नये. गाडी ढकलून बाहेर काढावी व ओढून न्यावी. पुन्हां किल्ली फिरविण्याच्या त्या एका क्षणांतच इंजिनाचा घात होतो.

तेव्हां, भगिनी, शेजाऱ्यांचें म्हणणें अर्धें खरें आहे. निगा न राखलेलें टर्बो इंजिन लवकर बसतें व महाग पडतें. निगा राखलेलें पुष्कळ वर्षें चालतें. गाडी विकण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. एक साधी वही मात्र घालावी. तेल कधीं व कोणत्या दर्जाचें घातलें, ब्रेकचें तेल कधीं बदललें, कोणता दिवा कोणत्या दिवशीं लागला, कोणता आवाज थंड इंजिनांत येतो व कोणता तापल्यावर, हें तारीखवार लिहावें. घरांतील ज्या मुलाचें वा मुलीचें अक्षर चांगलें, त्याच्याकडे हें काम द्यावें. गॅरेजच्या माणसापुढें ही वही उघडली कीं तो अंदाज सांगण्याचें सोडून तपासणीस लागतो, असा अनुभव आहे. आणि पुढें कधीं गाडी विकावी लागलीच, तर घेणारा तिच्या रंगाहून या वहीचें मोल अधिक करील.