पिस्तूल कुणाच्या बापाचं?

मित्रहो, मागच्या बैठकीत मी नुसता विषय काढला तर तुमच्यातले निम्मे हसले आणि निम्मे घाबरले. आपल्या वस्तीतल्या पोरापोरींनी नेमबाजीचं पिस्तूल शिकावं आणि ते पिस्तूल आपल्या मालकीचं असावं, एवढंच मी म्हणालो होतो. एक जण म्हणाला, बाबासाहेबांनी पेन दिलं आणि तू पिस्तूल देतोस. दुसरा म्हणाला, दुसऱ्या दिवशी पोलीस दारात. तिसरा अभ्यासू. तो म्हणाला, हा भांडवलदारांचा छंद आहे. तिघांनाही उत्तर देतो. गोड लागणार नाही.

आधी पोलिसाला भिणाऱ्याला. बाबा रे, 10 मीटरच्या स्पर्धेतलं पिस्तूल हवेवर चालतं. दाबलेल्या हवेने 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. पिस्तुलाचं वजन दीड किलोच्या आत, चाप किमान 500 ग्रॅमचा. एका हातात धरायचं, हात सरळ लांब, कशाचा टेकू घ्यायचा नाही. समोर कागद. त्यावर काळा गोल आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचं वर्तुळ, साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढं. 60 छर्रे, 75 मिनिटं. यात मरतो तो कागद. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार .177 बोअरच्या, 20 ज्यूलच्या आतल्या या पिस्तुलाला परवानासुद्धा लागत नाही. तरी तू भितोस, कारण हत्यार म्हटलं की आपल्या हाडात काहीतरी हलतं. ते कुणी घातलं आपल्या हाडात, ते बघ.

इंग्रजाला गरज होती तोवर महाराच्या हातात बंदूक होती. भीमा कोरेगावचा स्तंभ उगाच उभा नाही. 1890 नंतर इंग्रजालाही जातीचं वारं लागलं, 'लढाऊ जमाती'चं खूळ निघालं आणि आमची भरती बंद. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी 1910 साली थेट विलायतेला लिहिला. काय मागत होते ते? बंदूक धरायचा हक्क. पहिल्या महायुद्धात पलटण उभी केली, 1921 ला मोडली. शेवटी 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तीसुद्धा बाबासाहेब सरकारशी भांडले तेव्हा. पेनवाल्या बाबासाहेबांनी हे केलं, बरं का. सुभेदार रामजींचा मुलगा तो, महूच्या छावणीत जन्मलेला. आणि आज देशाला नेमबाज पुरवणारी लष्कराची मार्क्समनशिप युनिट कुठं आहे? त्याच महूत. आपण 14 एप्रिलला महूला जातो, जन्मभूमीची माती कपाळाला लावतो आणि परत येतो. शेजारी नेम धरायला शिकवतात, तिकडं ढुंकून बघत नाही.

आता एक गोष्ट वेगळी करून ठेवतो, नाहीतर कुणीतरी घोळ घालणार. स्वतःच्या रक्षणाचं हत्यार हा निराळा प्रश्न आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 1995 च्या नियमांत नियम 3 वाचा. अत्याचारप्रवण भागात गरज वाटली तर सरकारने सवर्णांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत आणि गरज वाटली तर अनुसूचित जाती-जमातींना परवाने द्यावेत, असं त्यात छापलंय. गरज कुणाला वाटायला पाहिजे? सरकारला. बिहारात लक्ष्मणपूर-बाथेला 1 डिसेंबर 1997 च्या रात्री रणवीर सेनेने 58 माणसं मारली आणि 2013 ला हायकोर्टाने 26 च्या 26 आरोपी सोडले. त्या रात्रीआधी गरज वाटली नव्हती वाटतं. ही लढाई आपण लढूच. पण मी बोलतोय ते कागदावर नेम धरणाऱ्या पिस्तुलाबद्दल. दोन्हींची गल्लत करून पोरांचा खेळ बंद करू नका.

भांडवलदारांचा छंद म्हणणारा मात्र निम्मा खरं बोलतो. हा खेळ मुळात राजेरजवाड्यांचा. 1961 ला अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा नेमबाजीतला पहिला मिळाला बिकानेरचे महाराज करणी सिंगांना. वाघ मारून झाले, मग मातीच्या तबकड्या फोडल्या. आज वॉल्थर, स्टेअर, मोरिनी यांपैकी कुठलंही स्पर्धेचं पिस्तूल घ्या, बाहेरच्या देशातून येतं आणि लाख-दीड लाखाच्या खाली बात नाही. वर छर्रे, हवेचा सिलेंडर, बूट. आणि एक असून भागत नाही. 25 जुलै 2021 ला टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं, मिनिटं वाया गेली, अंतिम फेरी हुकली. तिच्यामागं अख्खं सरकार उभं होतं तरी ही गत.

25 मीटरच्या .22 पिस्तुलाला तर परवाना लागतो. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 14 म्हणतं, मालमत्ता पुरेशी नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येणार नाही. वाचून मी मोठ्यानं हसलो. कायदा नाकारत नाही हो, दुकानदार नाकारतो. आणि खेळाडू म्हणून परवाना पाहिजे तर स्पर्धेतले गुण दाखवा, गुण पाहिजेत तर सराव दाखवा, सरावाला पिस्तूल पाहिजे. म्हणजे ज्याच्या बापाकडं आहे त्यालाच.

माझी पुतणी अकरावीत आहे. गावातल्या एका क्लबात वर्षभर जाते. क्लबाचं पिस्तूल एक, त्यावर पोरं सहा. ज्यांची स्वतःची आहेत ती दोन-दोन तास उभी राहतात, हिची पाळी वीस मिनिटांची. तिथल्या सेक्रेटरीनं मला बाजूला घेऊन समजावलं, "अहो, पोरगी हुशार आहे, पण हा खेळ तुम्हा लोकांना झेपायचा नाही. कबड्डीत घाला." तुम्हा लोकांना. मी विचारलं, कबड्डी आमच्या नावावर कुणी लिहून दिली? तर साहेब हसले.

त्या पिस्तुलाची मूठ लाकडाची आहे. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ पंजाच्या मापानं निवडतात, कानशीनं घासून बसवतात, अंगठ्याला टेकायला खाच असते. ही मूठ कुठल्यातरी दांडग्या बाप्याच्या पंजाची. पोरीचा अंगठा खाचेपर्यंत पोचतच नाही. दर छर्ऱ्याला मनगट वळतं, छर्रा डावीकडं. एकलव्याचा अंगठा मागून घ्यावा लागला होता. आता कापायची कटकट नाही, मूठच दुसऱ्याच्या मापाची ठेवली की भागतं. आणि हा देश प्रशिक्षकांना जो मोठा पुरस्कार देतो त्याचं नाव काय? द्रोणाचार्य. 1985 पासून. लाजसुद्धा वाटली नाही नाव ठेवताना.

काका, मला मेडल नको, मला माझ्या हाताची मूठ पाहिजे, असं ती म्हणाली. म्हणून मी मालकीचं बोलतो. 'संधी द्या संधी द्या' म्हणत दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही. जोहार घालून पिस्तूल मागायचं नाही.

राहिला पंचशीलाचा मुद्दा. प्राणिहत्या करणार नाही अशी प्रतिज्ञा आपण घेतलीय. कागदाला प्राण नाही. उलट श्वास सोडायचा, अर्धा धरायचा, मनात आलेला राग चापापर्यंत पोचू द्यायचा नाही, पोचला की छर्रा बाहेर. विहारात आपण पोरांना डोळे मिटून बसवतो, ती चुळबुळ करतात. हिला पिस्तूल हातात घेऊन उभी राहिलेली बघा एकदा.

आणि भाकरीचा हिशेब पाहिजे असेल तर तोही घ्या. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसळे रेल्वेत नोकरी करत करत 2024 ला पॅरिसहून रायफलचं कांस्य घेऊन आला. आपण आरक्षणावर मोर्चे काढतो आणि हे 5 टक्के कुणाच्या घरात जातात ते मोजत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा पैसा एक वर्ष बाजूला काढा. त्यात एक पिस्तूल येतं, वरती दोन-तीन मापांच्या मुठी येतात. पिस्तूल समाजाच्या नावावर, पेटी कुलपात, चावी बाईमाणसाच्या हातात. जागा भाड्याने घ्यायची गरज नाही. कागद जमिनीपासून 1.4 मीटरवर टांगायचा आणि नेमबाज त्याच्यापासून 10 मीटरवर उभा. मागं छर्रा अडवायला लोखंडी पेटी, बाजूची दारं बंद, मध्ये माणूस फिरकणार नाही एवढी शिस्त. समाजकल्याणच्या वसतिगृहांत हेच व्हावं म्हणून अर्ज मी लिहून ठेवलाय, तुमच्या सह्या पाहिजेत. येत्या रविवारी सकाळी विहारात या. येताना कुणीतरी सुताराची टेप आणा. बुद्धमूर्तीकडची भिंत सोडून उरलेला हॉल दहा मीटर भरतो का ते आधी मोजू.