साडेतेरा कोटींची गाडी आणि तुमचा हजेरीचा कागद



ती चंदेरी मर्सिडीज परत ग्रुपवर फिरतेय. पंखासारखे वर उघडणारे दरवाजे, लांबलचक नाक, आणि खाली आकडा: १३.५ कोटी युरो. रुपयात हजार कोटींच्या वर. जगात लिलावात विकली गेलेली सगळ्यात महाग गाडी. त्यावर आपल्या लोकांची मतं दोनच. अर्धे म्हणतात, "काय गाडी आहे राव, मानलं!" उरलेले म्हणतात, "श्रीमंतांचे चोचले, आपल्याला काय करायचंय?"

मला दोन्ही मतं पटत नाहीत. पहिलं मत म्हणजे कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक निघते तेव्हा आपण टाचा उंच करून बघतो, तसलं. त्यात वाईट काही नाही, पण हातात काही पडतही नाही. दुसरं मत तर आणखी फुकट जातं. शिव्या देऊन झोपलं की सकाळी साइटवर पुन्हा तेच. त्या गाडीकडून आपल्याला शिकण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती मतं देणाऱ्या कुणी सांगितली नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी गाडी काय आहे ते सांगतो. मर्सिडीज ३०० एसएलआर कूपे. १९५५ साली बनवली, अशा फक्त दोन. शर्यतीच्या गाडीच्या सांगाड्यावर छप्पर चढवून खास तयार केलेली. आठ सिलिंडर, तीन लिटरचं इंजिन, ताशी २९० किलोमीटरच्या आसपास वेग. पण त्याच वर्षी ११ जूनला फ्रान्समध्ये ल मांच्या शर्यतीत कंपनीची एक ३०० एसएलआर प्रेक्षकांच्या गर्दीवर जाऊन आदळली, ८० च्या वर माणसं गेली. त्या हंगामाअखेर कंपनी शर्यतीतून बाहेर पडली. मग या कूपेला शर्यत मिळालीच नाही. कंपनीचे इंजिनियर रुडॉल्फ उलेनहाउट ती ऑफिसची गाडी म्हणून वापरायचे. आवाज इतका, की सुटकेसएवढा सायलेन्सर बसवावा लागला. आजही तिला उलेनहाउट कूपे म्हणतात. ५ मे २०२२ ला स्टुटगार्टच्या मर्सिडीज म्युझियममध्ये, बोलावलेल्या मोजक्या लोकांसमोर, दोनपैकी एक विकली. घेणाऱ्याचं नाव जाहीर झालं नाही. दुसरी कंपनीकडेच आहे.

आता हिशेब. त्या दिवशी जर्मनीत किमान वेतन तासाला ९.८२ युरो होतं. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, सुट्टी नाही, कर नाही, चहाचाही खर्च नाही असं धरलं, तर ती गाडी घ्यायला एका कामगाराला साडेसहा हजारांहून जास्त वर्षं राबावं लागेल. हा आकडा मी मत्सर वाटावा म्हणून देत नाही. मी स्वतः डिप्लोमावाला आहे, चांगलं काम बघितलं की हात लावून बघणारा. ज्यांनी तो पत्रा हाताने ठोकून असा वळवला, त्यांना माझा नमस्कार. फक्त गाडीला नाव त्यांचं नाही, इंजिनियर साहेबाचं आहे. साहेब हुशार होता, वाद नाही. पण एकट्याने पत्रा ठोकत नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. ती गाडी एवढी महाग का? दोनच आहेत म्हणून, एवढंच नाही. ती तीच आहे हे सिद्ध करता येतं म्हणून. चेसिस नंबर, कारखान्याच्या नोंदी, फोटो, कुणी चालवली, कुठे ठेवली, सगळं ६७ वर्षं कंपनीच्या दप्तरात जपलेलं. कागद नसता, तर हुबेहूब तशीच दुसरी कुणीही बनवली असती आणि तिला नकल म्हणाले असते. जुन्या गाड्यांच्या बाजारात किंमत लोखंडाची नसते, नोंदीची असते.

आता त्याच आठवड्यातली दुसरी बातमी ऐका. ती कुठल्याच ग्रुपवर फिरली नाही. लिलावाच्या बरोब्बर आदल्या दिवशी, ४ मे २०२२ ला, एरफुर्टच्या बुंडेसआर्बाइट्सगेरिष्टने, म्हणजे इथल्या कामगारांच्या सर्वोच्च कोर्टाने, एका डिलिव्हरी ड्रायव्हरच्या केसचा निकाल दिला. ३४८ तास जादा काम, पाच हजारांवर युरो येणं, असा त्याचा दावा. त्याची वेळ यंत्रात नोंदली जायची, पण फक्त सुरुवात आणि शेवट. मधली सुट्टी नाही. तो म्हणत होता, मला सुट्टी घ्यायला वेळच मिळत नव्हता. कोर्टाने सांगितलं, वेळेची नोंद ठेवणं हे मालकाचं कर्तव्य असलं तरी जादा काम केलं, आणि ते मालकाच्या सांगण्यावरून किंवा त्याला माहीत असताना केलं, हे कामगारानेच दाखवायचं. ड्रायव्हर हरला.

४ मे ला माणूस कागदावाचून हरला आणि ५ मे ला गाडी कागदावर जिंकली, तेही एकाच देशात. यापुढे ती पोस्ट आली की मला हे आठवतं.

हे काही आजचं नाही. ती गाडी बनली त्याच १९५५ सालच्या २० डिसेंबरला जर्मनीने इटलीशी पहिला मजूरभरतीचा करार केला. मग १९६१ ला तुर्कस्तान, पुढे पोर्तुगाल आणि इतर. १० सप्टेंबर १९६४ ला कोलोनच्या डॉइट्झ स्टेशनवर दहा लाखावा परदेशी कामगार उतरला. आर्मांदो रोद्रिगेस दे सा, पोर्तुगालचा सुतार, वय ३८. मालकांच्या संघटनेने बँड वाजवला, फुलं दिली आणि एक मोपेड बक्षीस दिली. तो फोटो इथल्या शाळेच्या पुस्तकांतही असतो. ती मोपेड आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे.

आणि माणूस? पोर्तुगालला परतल्यावर त्याला कॅन्सर निघाला. जर्मनीत जमवलेली पुंजी औषधपाण्यात गेली. इथे काम केल्यामुळे आजारपणाचे पैसे मिळण्याचा हक्क आपल्याला आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. १९७९ ला तो वारला. बँड वाजवायला माणसं होती, पण हक्काचं चार ओळींचं माहितीपत्रक हातात द्यायला कुणी नव्हतं.

त्याच्याही मागे जा. स्वतः कंपनीच आज मान्य करते, की १९४४ साली डायमलर-बेंझच्या ६३,६१० कामगारांपैकी जवळजवळ निम्मे वेठबिगार, युद्धकैदी किंवा छळछावणीतले कैदी होते. देशभरच्या अशा माणसांसाठी भरपाईचा निधी उभा राहिला तो २००० साली, म्हणजे ५५ वर्षांनी. ७०-८० वर्षांची म्हातारी माणसं तेव्हा आपण कुठे राबलो याचा पुरावा शोधत फिरली. ज्या कारखान्यांनी यंत्राचा नंबर अन् नंबर जपला, त्यांच्या दारात राबलेल्याला "मी इथे होतो" हे सिद्ध करावं लागलं.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, "अहो, पण लिलावाचे पैसे चांगल्या कामाला गेले." खरं आहे. पर्यावरण आणि कार्बन कमी करण्याच्या विषयात तरुणांना शिष्यवृत्ती देण्यासाठी निधी काढलाय. चांगलं आहे, आपल्यातल्या कुणाच्या पोराला मिळाली तर पेढे वाटू. पण शिष्यवृत्ती देणारा ठरवतो कुणाला द्यायची. मजुरी ठरवायची नसते, ती द्यायचीच असते. दानाने मजुरीचा हिशेब मिटत नाही, तुमच्या मालकाने दिवाळीला मिठाई वाटली तरी.

आता आपलं बघू. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने याच स्टुटगार्टच्या राज्याशी, बाडेन-व्युर्टेम्बर्गशी, करार केला. कागदावरचा शब्द आहे "कुशल मनुष्यबळ पुरवठा". मला तो शब्द खटकतो. पुरवठा सिमेंटचा होतो, खडीचा होतो. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, नर्स, ड्रायव्हर ही माणसं आहेत, आणि त्यांच्या हातात विमानाच्या तिकिटाआधी हक्कांचा कागद मराठीत पडायला हवा. तो सरकारने द्यावा ही मागणी आपण करत राहू. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही.

मी बांधकामावर सुपरवायझर आहे. एका साइटवर सळईवाल्यांच्या टोळीला ठेकेदाराने महिन्याला साठेक तास कमी लावले. पंधरापैकी फक्त तिघांनी स्वतःच्या वहीत तास लिहून ठेवले होते. पैसे त्या तिघांनाच मिळाले. बाकीचे बारा जण तेवढेच राबले होते, थंडीत त्यांचीही बोटं तेवढीच फुटली होती. फरक एका वहीचा होता.

म्हणून काय करायचं, ते स्पष्ट सांगतो:

१. एक वही करा. तारीख, साइटचा पत्ता, किती वाजता सुरू, सुट्टी किती, किती वाजता संपलं, आणि जादा थांबायला कुणी सांगितलं त्याचं नाव. रोज, त्याच दिवशी. महिनाअखेरीला आठवून लिहिलेलं चालत नाही.

२. बांधकामात मालकाने तुमची सुरुवात, शेवट आणि एकूण वेळ सात दिवसांच्या आत नोंदवून ती नोंद दोन वर्षं जपायची असते. हा कायदा आहे. तरीही आपली वही वेगळी ठेवा. कोऱ्या किंवा खोट्या तासांच्या कागदावर सही करू नका.

३. करार, प्रत्येक महिन्याचं पगारपत्रक, विम्याचं कार्ड या सगळ्याचे फोटो काढून घरी पाठवून ठेवा. पासपोर्ट कुणाच्याही "कपाटात सुरक्षित" ठेवू नका.

४. आजारी पडलात तर त्याच दिवशी कळवा आणि डॉक्टरकडे जा. नोकरीला चार आठवडे झाले असतील तर मालकाने सहा आठवडे पगार द्यायचा. त्यानंतर सरकारी योजनेतली क्रांकेनकासे आजारपणाचा भत्ता देते, एकाच आजाराला तीन वर्षांत एकूण ७८ आठवड्यांपर्यंत. आर्मांदोला न सांगितलेली गोष्ट हीच.

५. सब-ठेकेदाराने किमान वेतन बुडवलं तर काम देणारा वरचा मोठा ठेकेदारही जबाबदार असतो. साइटच्या फाटकावरच्या पाटीचा फोटो पहिल्याच दिवशी काढा, म्हणजे वर कोण आहे ते कळेल.

६. कामावरून काढलं तर कोर्टात जायला फक्त तीन आठवडे असतात. पगाराच्या दाव्याच्या मुदतीही छोट्या असतात. "बघू पुढच्या महिन्यात" म्हणू नका. भारतीयांसारख्या युरोपियन युनियनबाहेरच्या कामगारांसाठी "फेअर इंटेग्रात्सिओन" ही सल्लाकेंद्रं प्रत्येक राज्यात आहेत, सल्ला फुकट. बांधकामात असाल तर आयजी बाऊ ही युनियन आहे.

"वही दिसली तर मालक काढून टाकेल," असं बरेच जण म्हणतात. ही भीती मी खोटी म्हणणार नाही. व्हिसा नोकरीला बांधलेला असतो, घरी कर्ज असतं. पण वही लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि ती दाखवायची कधी हे तुम्ही ठरवता. लिहिलेली वही दोन वर्षांनी उघडता येते. न लिहिलेली कधीच नाही. आणि दहा जणांनी लिहिली, तर एकाला काढणं तेवढं सोपं राहत नाही.

तुम्ही आखातात असा, सिंगापूरला असा, इथे असा, कायदे वेगवेगळे असतील, पण वही सगळीकडे चालते. कंपनीने दोन गाड्यांचे कागद ६७ वर्षं जपले, कारण तिला ठाऊक होतं त्यांची किंमत काय. तुमच्या तासांची किंमत तुम्हालाच ठाऊक आहे, दुसरं कुणी जपणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ती गाडी ग्रुपवर आली की अंगठा दाखवा, हरकत नाही. सुंदर आहेच. पण त्याखाली एवढं विचारा: "आजचे तास लिहिले का?" आणि ज्याला लिहिता येत नसेल त्याचे तुम्ही लिहून द्या.